पार्टी आलीये, गाद्या उचला!

काकांचा स्टुडिओ म्हणजे रात्रीची आमची झोपायची खोली. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या वाट्याला तीन खोल्या होत्या. त्यातली रस्त्याकडची, चांगला उजेड येणारी खोली काकांनी कामाला घेतली आणि दाराशेजारी ‘कमर्शियल आर्टिस्ट’ अशी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी लावली. दिवसा तिथे तिरपा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, कुंचल्यांचे डबे. रात्री बोर्ड भिंतीला टेकवून आम्हा पाच सख्ख्या-चुलत भावंडांच्या गाद्या. सकाळी एखादा वधूपिता नाहीतर मसाल्याचा कारखानदार जिन्यात दिसला, की काकू आतून ओरडायची, ‘पार्टी आलीये, गाद्या उचला!’ डोळे चोळत आम्ही वळकट्या माजघरात नेऊन टाकायचो आणि पार्टी येऊन बसायची ती आमच्या अंगाने अजून उबदार असलेल्या सतरंजीवर.

पाटीवर नाव एकट्या काकांचं होतं. ते अभिनव कला महाविद्यालयातून जी. डी. आर्ट झालेले; हात विलक्षण, पण वेळ पाळायच्या नावाने शून्य. त्यामुळे प्रत्येक जॉब शेवटच्या रात्री सगळ्या घराच्या अंगावर यायचा. हळूहळू कामं वाटली गेली. ताईचा हात स्थिर, म्हणून रॉटरिंगच्या पेनाने रेषा मारायचं काम तिचं. दादाकडे सायकल, म्हणून टाइपसेटिंगवाल्याकडे मॅटर पोचवणं आणि ब्रोमाइड घेऊन येणं त्याचं. लेट्रासेटच्या शीटवरून इंग्रजी अक्षरं घासून उतरवायची ती मधल्याने, कारण चिकाटी त्याच्याकडेच. शेंडेफळाकडे चहा, ब्लेड आणून देणं आणि पेनं कोमट पाण्यात धुणं. माझ्याकडे रबर सोल्यूशन आणि निळी पेन्सिल. आई शाळेत मराठी शिकवायची. प्रूफ तिच्या हाताखालून गेल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. वडील बँकेत, तेही संध्याकाळी टाय न सोडता पाकिटांचे गठ्ठे मोजत बसायचे.

निळ्या पेन्सिलीचं मला फार अप्रूप होतं. आखणी करायची ती फिक्या निळ्यानेच, कारण छापखान्यातल्या कॅमेऱ्याच्या फिल्मला तो निळा दिसत नाही. तिच्या लेखी तो कागद कोराच. म्हणजे बोर्डभर रेघोट्या मारल्या तरी छपाईत एकही उमटत नाही. शाळेतल्या मैत्रिणींना हे सांगितलं तर त्यांना पटेना. आर्टवर्कवर बटर पेपर चिकटवून त्यावर रंगांचे टक्के लिहायचे, हेही आम्हाला पाढ्यांसारखं पाठ. लाल म्हणजे नुसता लाल नव्हे, शंभर टक्के मॅजेंटा अधिक शंभर टक्के यलो. जेवताना ‘वरणात आज यलो कमी पडलाय’ असं मधला म्हणाला, की काकू त्याला पळी दाखवायची.

पण खरी कसोटी असायची ती चुकीच्या दुरुस्तीला. रात्री उशिरा आई चष्मा वर सारून म्हणायची, ‘इथे दीर्घ हवी.’ टाइपसेटिंगवाला तोवर कुलूप लावून गेलेला. मग जुन्या ब्रोमाइडांचे कपटे ठेवलेल्या बिस्किटाच्या डब्यातून त्याच मापाच्या टायपातली दुसरी वेलांटी शोधायची. ती ब्लेडने कापली की तांदळाच्या कणीएवढी. काका ती ब्लेडच्या टोकावर उचलायचे. ‘पंखा!’ असं कुणीतरी पुटपुटायचं आणि मे महिन्याच्या उकाड्यात पंखा बंद. सगळे बोर्डाभोवती ओणवे. कुणी शिंकायचं नाही, कुणी हसायचं नाही. वेलांटी शिरोरेषेला भिडली, काकांनी तिच्यावर बटर पेपर ठेवून नखाने दाबलं, की कुणीतरी लगेच पंखा लावायचं. सांडलेलं सोल्यूशन वाळलं की बोटाने चोळून त्याची गोळी करायची. ती गोळी शेंडेफळाच्या मालकीची. डबाभर गोळ्या झाल्या होत्या त्याच्याकडे.

शिकवलं असं आम्हाला कुणी नाही. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, त्या काळी पुण्यातली निम्मी मुलं द्यायची तशा आम्हीही दिल्या. स्मरणचित्रात बाजार नाहीतर बसस्टॉप; घागर घेतलेली बाई आणि छत्रीवाला म्हातारा हे दोघे कुठल्याही विषयात चालायचे. खरी शाळा मात्र माळ्यावरच्या ट्रंकेत होती. आजोबांनी जपलेले जुने दिवाळी अंक त्यात होते. दीनानाथ दलालांनी १९४५ साली सुरू केलेल्या ‘दीपावली’चे अंक वर, त्याखाली मुळगावकरांची मुखपृष्ठं असलेले. दलालांची बाई रेषेतून उभी राहते आणि मुळगावकरांची उजेडातून, असं ताई म्हणायची. तेव्हा ती नववीत होती आणि तिला हे कुणी सांगितलं होतं देव जाणे. दादाचा पंथ वेगळा. रविवारच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती कापून तो वहीत चिकटवायचा, नाटक बघण्यासाठी नव्हे, कमल शेडग्यांनी केलेल्या नावांसाठी. नाटक विनोदी की रहस्याचं हे अक्षर बघूनच कळायला हवं, अशी आम्ही आपसांत पैज लावायचो, आणि शेडग्यांच्या अक्षराने आम्हाला सहसा फसवलं नाही.

लग्नसराईत आमच्या घरी माणसांना पाय ठेवायला जागा नसे. पत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंग काका घरीच करायचे. सागवानी चौकटीवर नायलॉनचं जाळीदार कापड ताणायचं, देवघरामागच्या अंधाऱ्या खोलीत त्यावर पिवळसर लेप फिरवायचा, वाळला की मजकुराची पॉझिटिव्ह त्यावर ठेवून वर काच दाबायची आणि काळ्या कापडात गुंडाळून तो सगळा डोलारा गच्चीत न्यायचा. उजेड लागला की लेप घट्ट होतो. काळ्या अक्षरांखाली उजेड पोचत नाही, तिथला कच्चा राहतो आणि नळाखाली धरला की वाहून जातो. जाळीत अक्षरं मोकळी होतात. उन्हात किती वेळ ठेवायचं हा मात्र नाजूक मामला. काकांच्या घड्याळावर कुणाचाच विश्वास नव्हता, म्हणून हे खातं आजीकडे. काका काळं कापड ओढायचे, आजी गच्चीच्या दारात बसून एका लयीत भीमरूपी म्हणायची. ते संपलं की कापड परत वर. ढग आला तर? मग आजी सुरुवातीपासून पुन्हा म्हणायची, आणि श्रावणाच्या आगेमागे निघालेल्या एखाद्या मुहूर्ताच्या पत्रिकेला दोन-दोन भीमरूपी लागायच्या. आजीचा अंदाज चुकलेला मला तरी आठवत नाही.

सोनेरी शाई वाळायला वेळ घेते. छापलेली कार्डं खाटेवर, पायऱ्यांवर, शिवणयंत्रावर, फळीवरच्या डब्यांच्या झाकणांवर पसरायची आणि आम्ही टाचांवर चालायचं. एकदा मांजर सरळ पत्रिकांच्या रांगेतून गेलं. पुढचे दोन दिवस वाड्याच्या कठड्यावर सोनेरी पावलं होती. वधूपित्याला तेवढ्या पत्रिका कमी का भरल्या हे कधी कळलं नाही.

हे झालं पैशाचं काम. बिनपैशाचं याहून जास्त असायचं, आणि त्याला काका कधी नाही म्हणाले नाहीत. कोपऱ्यावरच्या मंडळाचा वार्ताफलक आमच्याकडे होता. पेठेतले हे काळे फळे ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको: कुणाला डॉक्टरेट मिळाली, कोण वारलं, पाणी कधी येणार नाही, सगळं तिथेच कळायचं. काका रंगीत खडू साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवायचे. ओल्या खडूची रेषा वाळल्यावर उजळते आणि बोटाने सहज पुसली जात नाही. दहावीचा निकाल लागला की ताई स्टुलावर चढून नावं लिहायची आणि खाली उभे असलेले आई-बाप ‘आमच्या मुलीचं नाव जरा मोठं’ म्हणून खालून सांगायचे. श्रद्धांजलीचा मजकूर मात्र काका स्वतः लिहायचे. पांढऱ्या खडूने, बाकी रंग नाही.

गणपतीत थर्माकोल. हॅक्सॉच्या चौकटीत निक्रोमची तार ताणायची, तिला ट्रान्सफॉर्मरमधून वीज द्यायची, तार तापली की थर्माकोलमधून लोण्यातून जावी तशी जाते. मंदिराची कमान, महिरप, सिंहासन, आणि वर ‘श्री’. मधला या तारेचा बादशहा होता. हात थांबला की त्या जागी खड्डा पडतो, म्हणून श वरून र च्या तिरक्या रेषेला वळताना तो श्वास रोखायचा. त्या धुराचा वास केसांत बसायचा. काकू दहा दिवस आम्हाला देवघरात येऊ द्यायची नाही. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली तेव्हा मधल्याने ती तार माळ्यावर टाकून दिली. बंदी योग्यच होती. विसर्जनानंतर मुठेच्या काठाला अडकलेल्या आमच्याच महिरपी आम्ही पाहिल्या होत्या.

मग कॉम्प्युटर आला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दादाने हट्टाने डीटीपीचा कोर्स केला आणि पतपेढीचं कर्ज काढून एक मशीन घरी आणलं. पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि मराठीसाठी श्रीलिपी. फोटोशॉपही होतं, पण त्या मशीनच्या तुटपुंज्या मेमरीत एखादा फिल्टर लावला की चहा करून पिऊन यावं आणि पट्टी अर्ध्यावरच असावी. ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकला तो कायमचाच. काकांनी माउसला शेवटपर्यंत हात लावला नाही. ते दादाच्या उजव्या खांद्याशी खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, ‘डावीकडे. अजून. केसभर. आता केसाच्या अर्ध्याने मागे.’ दादा बाणाची बटणं दाबत राहायचा. काकांना मापं कळत नव्हती असं नाही. पण त्यांचा डोळा कुठल्याही आकड्याच्या आधी पोचायचा.

आम्ही बाकीचे दाराशी उभे. कुणाला काही काम नव्हतं. वेलांटी एका बोटाने बदलत होती, रेषा आपोआप सरळ येत होती, निळ्या पेन्सिलीच्या जागी पडद्यावर निळ्या गाइडलाइन्स आल्या होत्या, त्याही छपाईत न उमटणाऱ्या. खुर्ची एकच आणि माउस एकच. पंखा दिवसरात्र चालू, कारण मशीन तापू नये. लोक म्हणतात कॉम्प्युटरने हाताची कला गेली; मला ते अर्धवट वाटतं. हाताने केलेलं सगळंच काही सुंदर नव्हतं. सूर्यकिरणांची पार्श्वभूमी, तिहेरी सावलीची अक्षरं, कोपऱ्यात दात काढून हसणारी गृहिणी, असला ऐवज आमच्या स्टुडिओतूनही भरपूर बाहेर पडलाय. कॉम्प्युटरने आमच्या घरातून गर्दी नेली. आठ जणांचं काम एकाचं झालं आणि उरलेले सात जण आपापल्या अभ्यासाला, नोकरीला, लग्नाला लागले.

फॉन्टच्या भानगडींनी दादाचे केस पांढरे केले. तेव्हा प्रत्येक कंपनीची मराठी वेगळी. श्रीलिपीतल्या फॉन्टना नावंसुद्धा नव्हती, नुसते नंबर. ‘पार्टीला ०७१४ आवडतो’ असं दादा फोनवर बोलायचा तेव्हा आजीला वाटायचं हा आकडा लावतोय. सी-डॅकचे सुरेख, योगेश असे नावाचे फॉन्ट तरी माणसात असल्यासारखे वाटायचे. एका पॅकेजात टाइप केलेलं दुसऱ्यात उघडलं की पडद्यावर चौकोन आणि डॉलरची चिन्हं. एकदा लग्नपत्रिकेची फाइल एका छापखान्यात अशी उघडली, की वधूच्या नावाच्या जागी दोन प्रश्नचिन्हं आणि एक टक्क्याचं चिन्ह. प्रूफ बघायला आई गेली होती म्हणून निभावलं. तेव्हापासून घरात नियम: फाइल बाहेर पाठवायची तर कंट्रोल-क्यू. अक्षरांचे कर्व्ह केले की ती अक्षरं राहत नाहीत, चित्रं होतात, आणि चित्र कुठेही तसंच दिसतं.

पुढे युनिकोड रुळलं आणि ही भाषाभाषांतली फाळणी मिटली. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशींचा. जे. जे. उपयोजित कला संस्थेत आणि मग आयआयटीत अक्षरांवर आयुष्य घालवलेल्या माणसाची ती कामगिरी. तरी त्यातला ल आणि श हिंदी वळणाचा म्हणून आई कुरकुरायची. २००९ साली शासनाने निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवून दिला, तेव्हा निवृत्त झालेल्या आईने ते कात्रण फ्रिजला लावलं. आता एक टाइपचा ‘मुक्त’ कुणीही फुकट उतरवून घेतं. आमच्या भाच्याला यातलं काहीच माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही. पण रफार जिथे हवा तिथे बसलाय हे बघून त्याला काहीच वाटत नाही, हे मला अजून चमत्कारिक वाटतं.

फ्लेक्सच्या दिवसांवर मी फार लिहिणार नाही. वार्ताफलक पाठीमागे गेला आणि पुढे वाढदिवसाचे चेहरे आले. दादाने ते काम पोटासाठी पुष्कळ केलं. पन्नास कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो कापायचे, मागचं पांढरं काढायचं, आणि कुणाचं डोकं कुणापेक्षा किती मिलिमीटर मोठं यावर रात्री अकराला फोन घ्यायचे. ‘मास्किंग शिकलो ते शुभेच्छुकांवर,’ असं तो म्हणतो. त्याच्याइतके केस सफाईने वेगळे करणारा माणूस मी मुंबईच्या एजन्सीतही पाहिलेला नाही, आणि मी त्या एजन्सीत बरीच वर्षं काढली आहेत.

मी जे. जे.ला गेले ती मुंबईचीच झाले. ताई नाशिकला, मधला बंगळुरूला, शेंडेफळ न्यू जर्सीला. २००९ च्या पावसाळ्यात सेनापती बापट मार्गालगतची रेल्वेची भिंत लोकांनी रंगवायला घेतली, तेव्हा मीही एक तुकडा घेतला. शेजारी एक टॅक्सीवाले काका आपल्या मुलीसाठी मोर काढत होते, पलीकडे कॉलेजची पोरं. माझ्या डोक्यात ग्रिड, समास, रंगसंगती. आणि मोराची मान टॅक्सीवाल्यांच्या हातून अशी सुरेख वळली की मी माझं डिझाइन अर्ध्यावर बदललं. रात्री ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ‘मला का नाही बोलावलंस?’ रागावली होती खरंच.

म्हणून गेल्या मे महिन्यात चिपळूणजवळच्या आमच्या मूळ गावातल्या शाळेने भिंत रंगवून मागितली तेव्हा मी आधी फोन केले आणि मग डिझाइनला बसले. काका नाहीत, आजी नाही. बाकी सगळे आले. शेंडेफळसुद्धा सुट्टी जुळवून आला. डिझाइन मी इलस्ट्रेटरमध्ये केलं होतं: भिंतभर मुळाक्षरं, त्यांच्यातून फिरणारी खाडी, होड्या, खेकडे, धनेश. भाच्याचं म्हणणं प्रोजेक्टर लावू आणि गिरवू. पण दिवसा प्रोजेक्टर दिसत नाही आणि रात्री वीज राहत नाही. मग दादाने ए-फोरच्या प्रिंटवर निळ्या पेन्सिलीने चौकटी आखल्या. भिंतीवर तेवढ्याच चौकटी मोठ्या मापाने आखायच्या. त्यासाठी गेरूत भिजवलेलं सूत दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचं आणि तिसऱ्याने मधोमध चिमटीत ओढून सोडायचं. फट् असा आवाज होतो आणि भिंतीवर केसाएवढी तांबडी रेघ. पहिली रेघ उमटल्यावर शाळेतली पोरं आमच्या हातून सूत काढून घेऊ लागली. दुपारपर्यंत सूत त्यांच्याकडे आणि ओरडणं आमच्याकडे.

मधल्याने अक्षरांच्या कडा कापल्या, तारेच्या हाताने. ताईने खाडीच्या रेषा मारल्या. आई खुर्चीवर बसून वाचत होती आणि तिने ‘ऋ’ पाडला, म्हणजे पुन्हा रंगवायला लावला. शेंडेफळाने डबे धुतले, पण तक्रार करत, की अमेरिकेत त्याच्या हाताखाली बारा माणसं आहेत. ल ला पाकळी किती फुगीर, यावर दादा आणि ताई एवढे भांडले की गावातले लोक जमले आणि त्यांनीही मतं दिली. एका आजींचं म्हणणं पडलं की खेकड्याला पाय कमी आहेत. मोजले तर खरंच कमी होते. नांग्या धरून दहा हवेत, मी काढले होते आठ. मुलांनी उरलेले दोन काढले. ते बाकीच्यांपेक्षा लांब आहेत.

आता शाळेच्या बाई म्हणतायत, पाण्याची टाकीही तेवढी करून द्या. टाकी गोल आहे, म्हणजे चौकटी बाहेरच्या बाजूला कशा आखायच्या हा नवाच प्रश्न. दादा म्हणतो शिडीवर तो चढणार नाही, गुडघे गेलेत. ताईने दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं काढूनही ठेवली आहेत. मधल्याचं म्हणणं, सूत ओलं करून टाकीभोवती गुंडाळलं तर आडव्या रेघा सहज येतील; उभ्यांसाठी ओळंबा लागेल, आणि तो गवंड्याकडून कोण आणणार यावर ग्रुपवर कालपासून वाद चालू आहे.